प्रत सत्तेचाळीस, पान एकसष्ट

समुद्र बघायचा असेल तर चाकणला जाऊ नका. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये मलाच बोलणी बसतील. मी मात्र गेल्या आठवड्यात मराठा आरमाराच्या शोधात चिपळूणहून निघाले आणि थेट चाकणजवळच्या कुरुळीला जाऊन आले. परत आल्यापासून डोक्यात जो गोंधळ चाललाय तो अजून निवळलेला नाही. लिहिता लिहिता निवळला तर बरंच होईल.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी वैजयंती सुतार. जलदुर्गांच्या सहली नेते आणि त्याबद्दल इथे अकरा वर्षं लिहिते आहे. आमचं गाव आंबेखोल, खाडीकाठचं. आमच्या खाडीत आरमाराची लढाऊ गलबतं बांधली गेली आणि ती आमच्या सुतारांनी बांधली, ही गोष्ट मी प्रत्येक सहलीत होडी किनाऱ्यापासून सुटली की सांगते. लोक टाळ्या वाजवतात. काही जण तर माझे हात निरखून बघतात. मी आठ वर्षांची असताना बाबांनी ही गोष्ट मला सांगितली. बाबा जन्मभर सुतारकाम करत आले, आता एकोणऐंशी वर्षांचे आहेत. त्यांनी ती वाचली होती 'आरमाराचे हात' या पुस्तकात, पान एकसष्टवर. लेखक ज्ञानोबा येळवंडे.

तर झालं असं, की गावाने धक्क्यावर 'आरमाराची गलबतं बांधणाऱ्यांचं गाव' असा एक फलक लावायचं ठरवलं. रविवारी अनावरण, आणि गावातले सगळ्यात वयस्कर सुतार म्हणून ते बाबांच्या हस्ते. फलकाच्या खाली मूळ कागदाचा फोटो छापला तर शोभा येईल, असं समितीतल्या कुणीतरी सुचवलं. मी उत्साहाने म्हटलं, मी आणते. बाबा म्हणाले, कशाला एवढी लांब जातेस, पुस्तकात आहे ते पुरे की. मला वाटलं, लेकीची काळजी.

पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पत्ता होता: मु. पो. कुरुळी, ता. खेड, जि. पुणे. मला आधी छपाईची चूक वाटली. आरमाराचा इतिहास लिहिणारा माणूस मुंबईत राहील, अलिबागला राहील, अगदीच नाही तर पुण्यात सदाशिव पेठेत राहील. कुरुळीत काय आहे? नकाशा उघडला तर चारही बाजूंना कंपन्या. समुद्र नकाशावरही चार बोटं लांब. फोन नंबर कुठेच मिळेना, म्हणून तशीच निघाले.

मंगळवारी सकाळची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं काही वाटत नाही. कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, उंब्रज आणि मग महामार्ग. घाटात खिडकीजवळ बसू नका, मागच्याला उलटी झाली तर तुमचीच खिडकी उघडावी लागते. उंब्रजला वडापाव खाल्ला, ठीक होता, मिरची मात्र झणझणीत. साताऱ्यापर्यंत मी 'आरमाराचे हात' पुन्हा वाचत होते.

येळवंड्यांचं लिहिणं विचित्र आहे. त्यात लढाया जवळपास नाहीतच. गुराब, म्हणजे आरमारातलं मोठं लढाऊ जहाज, समुद्रात उतरलं की त्यांचा धडा संपतो. त्याआधी फळी किती जाड, दोन फळ्यांच्या फटीत काय भरायचं, दोर भिजल्यावर किती आखडतो, हेच सगळं. आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी एक चौकट: 'तपासले काय', 'तपासता आले नाही काय'. लहानपणी मला त्या चौकटी कंटाळवाण्या वाटायच्या. मोठेपणी मी त्या वाचल्याच नव्हत्या, हे मला आत्ता एसटीत कळलं.

वाकडला पुलाखाली उतरले तेव्हा संध्याकाळ झाली होती. माझी कॉलेजची मैत्रीण स्मिता पुनावळ्याला राहते, ती स्कूटरवर घ्यायला आली. तिच्या चौदाव्या मजल्याच्या गॅलरीतून महामार्ग दिसतो आणि त्यापलीकडे अजून चौदा मजले. मी आरमाराच्या इतिहासकाराकडे चाललेय म्हटल्यावर ती म्हणाली, इथे? मग तिने मला मनापासून पिठलं-भाकरी वाढली आणि विषय बदलला.

बुधवारी सकाळी डांगे चौकातून भोसरी आणि भोसरीहून चाकणची बस. आता नीट ऐका. ही बस मोशीला इंद्रायणी ओलांडते, मग चिंबळी फाटा, मग कुरुळी. कंडक्टरबाईंना आधीच सांगून ठेवा. मी सांगितलं नाही. ट्रकच्या रांगेत गाडी इतका वेळ उभी होती की मला झोप लागली. जाग आली तेव्हा तळेगाव चौक, म्हणजे थेट चाकण. चारही बाजूंना कंपनीच्या पांढऱ्या बस, कांद्याच्या गोण्यांचे टेम्पो, मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर, आणि प्रत्येकजण हॉर्नवर हात ठेवून बसलेला. पलीकडे जाण्यासाठी मी वीस मिनिटं उभी होते. वारा खाडीचा असो वा नसो, मला दिशा कळते असा माझा समज होता, तो तिथेच गळून पडला.

शेवटी एका रिक्षावाल्याने हाक मारली. "कुठं जायलाव ताई?" तो लातूरकडचा निघाला. कुरुळी मागंच राहिली म्हणाला आणि मधे आणखी तीन माणसं भरून तीस रुपयांत परत घेऊन आला. वाटेत मी त्याला येळवंड्यांबद्दल विचारलं. इतिहासकार म्हटल्यावर त्याला काही बोध होईना. मग शेजारच्या सीटवरचे युनिफॉर्ममधले गृहस्थ म्हणाले, "नाना येळवंडे का? इन्स्पेक्शनचे? त्यांना जाऊन चार वर्षं झाली की."

तेव्हा मी परत फिरायलाच हवं होतं, असं आता वाटतं. कागद ज्याच्याकडे मागायचा तो माणूसच नाही. पण तीस रुपये देऊन झाले होते, आणि त्या गृहस्थांनी दाखवलेलं घर समोरच आलं होतं.

घर म्हणजे तीन मजली सिमेंटचं बांधकाम. खालच्या दोन मजल्यांवर कंपनीतले भाडेकरू, प्रत्येक दारासमोर सेफ्टी शूज. वर येळवंडे राहतात. दार नानांच्या बायकोने उघडलं. सगळे त्यांना जिजी म्हणतात. वय पंचाहत्तरच्या पुढे, नऊवारी, कपाळावर गोंदण, डोळ्यांना जाड चष्मा. मी कोण, कुठून आले, हे सगळं दारातच घडाघडा सांगितलं आणि पिशवीतून पुस्तक काढून दाखवलं. जिजींनी ते हातात घेतलं, पण उघडलं नाही. आधी पाणी दिलं, मग जेवायला बसवलं. बाळासाहेब, म्हणजे त्यांचा मुलगा, पहिल्या शिफ्टला गेले होते, चारपर्यंत यायचे होते.

वांग्याची भाजी, ज्वारीची भाकरी, कांदा. जेवताना जिजींनी जे सांगितलं त्यातून नानांची हकिगत जुळत गेली. शेतकऱ्याचा मुलगा, आयटीआय करून पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर म्हणून लागला, पुढे इन्स्पेक्टर झाला. बनलेला पीस मापात आहे की नाही हे बघून पास किंवा नापास करायचं, हे काम. तिशीत कंपनीने त्यांना मुंबईच्या गोदीत पाठवलं, बोटीच्या पंपांचे भाग तपासायला, तीन महिने. तिथे पहिल्यांदा समुद्र बघितला. बोटीवर चढल्यावर पोटात इतकं ढवळलं की दोन दिवस जेवले नाहीत. पण घरी आले ते एकच प्रश्न घेऊन: मोजायला एवढी हत्यारं हाताशी असताना आपल्याला एवढा त्रास होतो, तर जुन्या लोकांनी नुसत्या दोरीने जहाज कसं बांधलं?

मी विचारलं, मग कंपनी सांभाळून दफ्तरात, म्हणजे जुने कागद ठेवतात तिथे, कधी जायचे? जिजी म्हणाल्या, "गुरवारी." मला कळेना. मग त्यांनी समजावलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. पुण्यातलं दफ्तर मात्र गुरुवारी उघडं. प्राध्यापक लोक गुरुवारी वर्गात शिकवत असायचे, त्यामुळे वाचायच्या खोलीत नाना बहुतेक एकटेच. सुट्टीचा वार वेगळा नसता तर हा माणूस इतिहासकार झालाच नसता. मोडी लिपी ते तिथेच शिकले, आणि घरी येऊन जिजींना शिकवली, कारण त्यांचे डोळे थकले की कुणीतरी वाचून दाखवायला हवं. जिजींची शाळा चौथीपर्यंत.

चारनंतर बाळासाहेब आले. पन्नाशीचे, चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर, बोलायला मोकळे. मी पुस्तक पुढे केलं आणि म्हटलं, पान एकसष्टवरच्या मूळ कागदाचा फोटो हवा आहे. ते हसत हसत पुस्तक उघडायला गेले, पहिल्या पानावर कोपऱ्यात शाईने लिहिलेला आकडा बघितला आणि थांबले. मग आत बघून म्हणाले, "आई, सत्तेचाळीस आहे."

जिजी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "आली व्हय ती शेवटाला?" त्या म्हणाल्या. "लई वरसं झाली."

मला काहीच कळेना. क्षणभर वाटलं, बाबांनी हे पुस्तक कुठूनतरी न विचारता उचललंय की काय. बाळासाहेबांनी पान एकसष्ट काढलं, त्यावर हात फिरवला, आणि चिठ्ठी लावलेली नाही म्हणाले. मी म्हटलं, कसली चिठ्ठी?

मग त्यांनी सांगितलं ते असं. पुस्तकाच्या दोनशे प्रती भोसरीच्या एका छापखान्यात छापल्या होत्या, प्रत्येकीवर नानांच्या हातचा नंबर. पुस्तक निघाल्यावर दोन वर्षांनी एका गुरुवारी नानांना दुसऱ्याच रुमालात, म्हणजे कागदांच्या गाठोड्यात, एक पान सापडलं. आंबेखोलच्या कागदाचं ते पहिलं पान होतं. नानांनी आधी दुसरं पान वाचलं होतं. त्यावर माणसांची नावं आणि त्यापुढे लाकडाची मापं, एवढंच होतं. ती जहाज बांधणाऱ्यांची यादी, असं त्यांनी धरून चाललं होतं.

"दादांची नोकरी पीस तपासायची," बाळासाहेब म्हणाले. वडिलांना ते दादा म्हणत. "आमच्याकडे माल चुकीचा गेला ना ताई, तर पुढचा नीट करून भागत नाही. गेटबाहेर गेलेला प्रत्येक पीस शोधायचा. दादांनी पुस्तकाला तेच लावलं."

म्हणजे या माणसाने दोनशे वाचकांची यादी काढली, चूक कबूल करणारी छापील चिठ्ठी तयार केली, आणि पान एकसष्टवर ती चिकटवायला गुरुवारी गुरुवारी एसटीने लोकांच्या घरी गेला. पिशवीत डिंकाची बाटली. जिजी सांगत होत्या, कुणाकुणाच्या बायका दारात घेत नसत, नवरा ऑफिसात आणि हा अनोळखी माणूस पुस्तक मागतोय म्हणून. घरातले, कंपनीतले सगळे हसायचे. एका प्राध्यापकांनी तर म्हणे सांगितलं, येळवंडे, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करा, इतिहासात असं चालतं. नानांनी तरीही त्यांच्यासमोर बसून चिठ्ठी लावली. लांबच्यांना पोस्टाने पाठवली. सहा वर्षांत एकशे नव्व्याण्णव प्रती दुरुस्त झाल्या.

मी हसले नाही. पान चुकलंय म्हणजे काय, नक्की काय चुकलंय, आणि बाबांना तेव्हा पत्र आलं नसेल का? ते पोस्टात हरवलं असेल, असं मी बाळासाहेबांना म्हटलं. त्यांनी आतून एक जाडजूड फाइल आणली आणि उघडून माझ्यासमोर ठेवली.

पोस्टकार्ड होतं. अक्षर बाबांचं, सुताराच्या पेन्सिलीने लिहिल्यासारखं ठळक आणि तिरकं. 'पत्र पोचले. चिकटवायची चिठ्ठी मिळाली. ती लावणार नाही. गोष्ट मुलीला सांगून झाली आहे. ती लहान आहे. कळावे. यशवंत सुतार, आंबेखोल.'

मी ते तीनदा वाचलं. बाबांना माहीत होतं. मी होडीत उभी राहून छाती फुगवून सांगत होते तेव्हा माहीत होतं, फलकाचा मजकूर ठरत होता तेव्हाही माहीत होतं. मला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग. यातलं नक्की काय वाटायला हवं हेच ठरेना.

पोस्टकार्डाच्या मागे एक फॉर्म टाचलेला होता. कंपनीत एखादा पीस मापाबाहेर असतो, पण गिऱ्हाईक जाणूनबुजून तो घ्यायला तयार असतं, तेव्हा त्यासाठी वेगळा कागद करतात, त्याला डेव्हिएशन म्हणतात, असं बाळासाहेबांनी सांगितलं. सूट कशाला, कारण काय, आणि कधीपर्यंत, हे त्यात लिहावंच लागतं. मुदतीशिवाय सूट देता येत नाही. नानांनी कंपनीचा कोरा फॉर्म घेऊन भरला होता. सूट: एक प्रत, क्रमांक ४७. कारण: ग्राहकाची मुलगी लहान आहे. मुदत: मुलगी स्वतः विचारेपर्यंत.

खाली निकालाची चौकट रिकामी होती.

बाळासाहेब म्हणाले, दादा शेवटपर्यंत या फाइलबद्दल विचारायचे. आजारपणातही. मी तर फोटो मागायला आले होते. त्या घरात बसून चार तास झाले तरी मी एकदाही विचारलं नव्हतं की आमच्या गावाने गलबतं बांधली का. ते खरंच आहे असं धरून आले होते.

जिजींनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघितलं. "मंग पोरी, तू इचारतीयास का? न्हाई इचारलंस तरी आमचं काय बी म्हणनं न्हाई. सूट हाय तुला."

खरं सांगते, नाही म्हणावं असं मनात आलं. रविवार चार दिवसांवर. पुस्तक पिशवीत टाकायचं, स्मिताकडे जायचं, घरी जाऊन सांगायचं की माणूस वारला, कागद मिळाला नाही. कुणालाही कळलं नसतं.

"विचारते," मी म्हटलं.

"मंग उद्याच्याला ये," जिजी म्हणाल्या. "गुरवार हाय. उजेडात वाचू."

गुरुवारी कंडक्टरबाईंना आधीच सांगितलं आणि कुरुळीलाच उतरले. जाताना चाकणची कोथिंबीर वगैरे घ्यायचा विचार होता, तो सोडून दिला. रस्ता बुधवारपेक्षा मोकळा होता. जिजी खिडकीशी तयार होऊन बसल्या होत्या, पुढ्यात दोन पानांच्या झेरॉक्स. मला मोडीतलं एक अक्षर येत नाही. अकरा वर्षं इतिहास सांगतेय आणि येत नाही. जिजी बोट ठेवून सावकाश वाचत गेल्या, मधेमधे थांबून बाळासाहेबांना अर्थ सांगत गेल्या, ते मला सांगत होते.

पहिल्या पानाचा मथळा स्पष्ट होता. दुसऱ्या बंदरात गुराबा बांधायचं काम चाललंय, त्यासाठी सागाचं लाकूड तोडून, कापून, खाडीतून वाहून पाठवणाऱ्यांची ही यादी. मग दुसरं पान, आमचं. नाव, आणि लाकूड. नाव, आणि लाकूड. जहाज बांधल्याचा शब्द कुठेही नाही. मी मधेच विचारलं, दोन्ही पानं एकाच कागदाची कशावरून? जिजींना त्या प्रश्नाचा आनंद झाला. त्यांनी पहिल्या पानाची शेवटची ओळ वाचली, जी अर्ध्यात तुटत होती, आणि दुसऱ्याची पहिली, जी तिथूनच सुरू होत होती. मी आणखी चार-पाच शंका काढल्या. प्रत्येक शंकेला नानांच्या टिपणात उत्तर होतं, आणि एका शंकेपुढे लिहिलं होतं, तपासता आले नाही.

सहाव्या ओळीत राघो सुतार असं नाव आलं. आमच्या वंशावळीत एक राघो आहे. तोच हा की दुसरा कुणी, कोण सांगणार? बाळासाहेब म्हणाले, मानून घ्या ताई. जिजी म्हणाल्या, मानायचं न्हाई, नानास्नी चाललं नसतं. मग आम्ही तिघंही हसलो, आणि हसता हसता मला रडू आलं. माझं गाव हातातून गेलं असं वाटत होतं आणि त्याच वेळी पहिल्यांदाच हाती लागलं असंही वाटत होतं. दोन्ही एकदम कसं वाटतं, माहीत नाही.

निकालाच्या चौकटीत मी 'विचारले' लिहिलं आणि सही केली. बाळासाहेबांनी फाइल बंद केली. फाइलीत जपून ठेवलेली चिठ्ठी मात्र मी लावू दिली नाही, पोस्टकार्डाच्या झेरॉक्ससह बरोबर मागून घेतली. ज्याने लावणार नाही म्हणून कळवलं होतं, त्यालाच विचारायला हवं होतं.

शुक्रवारी परतीच्या एसटीत मी साताऱ्यापासून बाबांशी मनातल्या मनात भांडत होते. सगळी वाक्यं तयार होती. घरी पोचले तर बाबा पडवीत बसले होते. मी पोस्टकार्डाची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली, लांब धरून वाचली, आणि म्हणाले, "म्हातारा आहे की गेला?"

गेले, म्हटलं. बाबांनी झेरॉक्स मांडीवर ठेवली.

"मला वाटलं गो, तू विचारशील. दहावीत विचारशील, कॉलेजात गेल्यावर विचारशील. तू विचारलंच नाहीस. आणि मग एकदम लोकांनाच सांगायला लागलीस." त्यांनी झेरॉक्सची घडी घातली. "मग मी कोणत्या तोंडानं बोलू?"

माझी तयार वाक्यं कुठल्या कुठे गेली. तरी मी बोलले. अकरा वर्षं मला लोकांसमोर उभं राहू दिलंत, म्हटलं. ते बरोबर नव्हतं, असं ते म्हणाले. मग मी चिठ्ठी दिली. बाबांनी सुतारकामातला सरस गरम केला, चिठ्ठीच्या मागे पातळ हात फिरवला, पान एकसष्टवर ठेवली आणि अंगठ्याने कडा दाबत गेले.

समिती भडकली, हे सांगायला नको. फलक रंगवून तयार. कुरुळीहून कोण बघायला येणार आहे, असं एकाने विचारलं. बाबा म्हणाले, मग मी पडदा ओढणार नाही. शनिवारी पेंटरने ती ओळ खरवडली आणि नवी लिहिली: आरमारासाठी लाकूड तोडून पाठवणाऱ्यांचं गाव. रविवारी बाबांनी पडदा ओढला आणि दोनच वाक्यं बोलले. आमच्या माणसांनी गलबतं बांधली नाहीत, लाकूड दिलं. ती गलबतं त्यांनी पुढे बघितलीही नसतील. टाळ्या कमी पडल्या. बरेच लोक चहा न घेताच गेले.

धक्क्यावरून घरी चालत येताना बाबांनी विचारलं, येळवंड्यांनी किती जणांना कळवलं? दोनशे, मी म्हटलं, सगळ्यांना, यादी होती त्यांच्याकडे.

"आणि तू किती जणांना सांगितलंस?"

मी मोजायला गेले. अकरा वर्षं, दर हंगामात किती होड्या, एका होडीत किती माणसं. मोजता येईना. माहीत नाही बाबा, म्हटलं, मी नावं लिहून ठेवली नाहीत.

म्हणून हे लिहिलं. या ब्लॉगवरचे जुने लेख मी आज दुरुस्त केले, पण होडीत बोललेलं दुरुस्त करता येत नाही. तुमच्यापैकी जे कुणी माझ्याबरोबर आला होतात, त्यांना सांगते: आंबेखोलला गलबतं बांधली गेली नाहीत. तुम्ही घरी जाऊन आपल्या मुलांना सांगितलं असेल, तर त्यांनाही कळवा. ती लहान असतील, तर कधी कळवायचं ते तुम्ही ठरवा.